काढता पाय घेण्याची विद्या

दर जूनमध्ये ज्युदोच्या वर्गात नवी मुलं येतात आणि आठवडाभरात एखादे वडील हॉलच्या दारात येऊन विचारतात, "ताई, पोरगी रोज नुसती पडतेय. मारायला कधी शिकवणार?" नाशिकच्या सिडकोतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी बावीस वर्षं शिकवते आहे आणि हा प्रश्न एकही वर्ष चुकलेला नाही. प्रश्न रास्त आहे. लेकीच्या काळजीनेच तो माणूस फी भरतो. म्हणून मी त्यांना बाकावर बसवते आणि सविस्तर सांगते. तेच आज इथे लिहिते आहे.

ज्युदोत पडण्याच्या तंत्राला उकेमी म्हणतात. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान ही संस्था सुरू केली आणि ज्युदोची घडी बसवली. तेव्हापासून आजपर्यंत जगात कुठेही ज्युदो शिकायला जा, सुरुवात पडण्यापासून होते. हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ गोल करायची. श्वास सोडायचा. आणि हात अंगापासून थोडा दूर ठेवून अख्खा, तळव्यापासून कोपरापर्यंत, मॅटवर सपकन आपटायचा. पडण्याचा जोर असा मोठ्या भागावर पसरतो. न शिकलेला माणूस काय करतो? तळहात खाली टेकून सावरायला जातो. सगळ्या अंगाचा भार एका मनगटावर येतो आणि हाड मोडतं. ही सवय इतकी खोल असते की ती मोडायला मुलांना दोन-तीन महिने लागतात, मोठ्यांना त्याहून जास्त.

माझ्याकडे येणाऱ्या एक गृहिणी श्रावणात गोदाघाटावरच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या. कोपर खरचटलं, साडी भिजली, उठून चालू लागल्या. त्यांनी मला फोन करून सांगितलं, "ताई, हात आपोआप आपटला हो!" मला एखाद्या पदकाचा झाला असता तेवढा आनंद झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांखालोखाल पडण्याचाच नंबर लागतो. तेव्हा ज्या वडिलांना वाटतं की लेक 'नुसती पडतेय', तिला मी रोजच्या आयुष्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट शिकवत असते.

धोका म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चाकू घेतलेला गुंड उभा राहतो. खरं चित्र वेगळं आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्याच वर्षी खुनाचे गुन्हे नोंदले गेले २८ हजार ५२२. जवळपास सहापट फरक आहे हा. रस्त्यावर गेलेल्यांत दर शंभरांतले चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरचे होते. म्हणून माझ्या वर्गाचा एक नियम आहे: हेल्मेट न घालता दुचाकीवर आलेल्याला त्या दिवशी मॅटवर घेत नाही. दोन ब्लॅक बेल्ट याच नियमावरून रागावून गेले, एक परत आला. स्वसंरक्षण शिकायला उघड्या डोक्याने मुंबई नाक्यावरून येणं मला पटत नाही, पटणारही नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कोणतीही युद्धकला घ्या, ज्युदो, कराटे, आपली कुस्ती किंवा लाठी. सगळ्यांच्या तळाशी दोनच गोष्टी आहेत, वेळ आणि अंतर. वार चुकवणारा माणूस आपल्याला चपळ वाटतो. पण नुसत्या चपळाईवर फार भागत नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या साध्या इशाऱ्यावर हात हलवायला माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो आणि वर्षानुवर्षांच्या सरावानेही ते फारसं कमी होत नाही. सरावाने होतं ते हे, की समोरच्याचा खांदा हलायच्या आधीच तो हलणार हे कळतं. वजन पायावर कसं गेलं, नजर कुठे गेली, श्वास कुठे थांबला, हे दिसायला लागतं. मराठीत यासाठी फार नेमका शब्द आहे: चाहूल. युद्धकलेतला मुरलेला माणूस चाहूल लवकर ओळखतो, म्हणून त्याच्या हातात जास्त वेळ उरतो. बघणाऱ्याला वाटतं, काय वेग आहे!

जेफ कूपर या अमेरिकी सैनिकाने सावधपणाच्या चार पायऱ्या रंगांत सांगितल्या होत्या: पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल. मी मुलांना रंग सांगत नाही, आपले शब्द सांगते. पहिला गाफील: कानात इयरफोन, मान फोनमध्ये, मागे कोण आहे पत्ता नाही. दुसरा सावध: मन शांत आहे, गप्पाही चालू आहेत, पण दार कुठे आहे, रस्त्यावर कोण आहे, याची नोंद डोळे घेतायत. तिसरा सतर्क: एक विशिष्ट गोष्ट खटकली आहे आणि 'तो असं करेल तर मी तसं करेन' हे मनात ठरलं आहे. चौथा सज्ज: आता कृती. दिवसभर सतर्क राहता येत नाही, राहूही नये. माणूस थकून जातो, भित्रा होतो. सावध मात्र दिवसभर राहता येतं. गाडी चालवताना आपण आरसे बघतोच की, त्याचा थकवा येतो का? गाफील माणसाला एकदम सज्ज व्हावं लागतं आणि ते जमत नाही, तो गोठतो. सगळी गडबड तिथे आहे.

अंतराचंही असंच. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्यूलर यांनी मोजून दाखवलं, की चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात धावून पार करतो. कमरेचं पिस्तूल काढून झाडायलाही पोलिसाला तेवढाच वेळ लागतो. २१ फूट म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या अडीच रिक्षा. मी हॉलमध्ये खडूने ते अंतर आखते आणि एकेकाला धावायला लावते. आपल्याला सुरक्षित वाटणारं अंतर किती तोकडं असतं हे त्या एका खेळात कळतं. नुसतं सांगून कळत नाही.

चार वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ सांगते, कारण हे सगळं त्यात एकत्र आलं होतं. सारडा सर्कलकडून नाशिकरोडला निघाले होते, मागे माझी एक विद्यार्थिनी, तेव्हा ब्राऊन बेल्ट. द्वारका चौकात, नेहमीच्या त्या कोंडीत, एक बाईक डावीकडून घुसली आणि तिच्या हँडलने माझ्या स्कूटरचा आरसा फिरवला. चूक शंभर टक्के त्यांची. पण गाडी आडवी लावून मागे बसलेला मुलगाच खाली उतरला आणि शिव्या देत आला. दारूचा वास चार हातांवरून आला. मी स्कूटर स्टँडला लावली आणि तिच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिले, म्हणजे गाडी आमच्या दोघांच्या मध्ये आली. एक पाय किंचित मागे, अंग तिरकं, दोन्ही हात छातीसमोर, तळवे उघडे. बघणाऱ्याला बाई गयावया करते आहे असं वाटलं असेल. तीच पोझिशन आम्ही वर्गात बचावासाठी शिकवतो: हात आधीच वर असतात, चेहऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही, आणि समोरच्याला त्यात आव्हान दिसत नाही.

आवाज खाली ठेवून म्हणाले, "दादा, चुकलं माझं. तुम्हाला लागलं का कुठे?"

तो क्षणभर अडखळला. भांडायला आलेल्या माणसाला समोरून भांडण हवं असतं, काळजीच्या प्रश्नावर काय बोलायचं हे त्याने ठरवलेलं नसतं. तेवढ्यात मला दिसलं की बाईक चालवणाऱ्याचा एक हात मघापासून पाठीमागेच आहे आणि त्यांच्या ओळखीचा तिसरा एक जण रस्ता ओलांडून येतो आहे. मी पुन्हा "चुकलं" म्हटलं, मुलीला बस म्हणाले आणि निघाले. सरळ घरी गेले नाही. पुढच्या उजेडाच्या पेट्रोल पंपावर थांबून पाच मिनिटं मागचा रस्ता बघितला. जपानी युद्धकलांत याला झानशिन म्हणतात, म्हणजे प्रसंग संपला असं वाटल्यावरही टिकवलेलं भान. भांडण संपलं म्हणून सुस्कारा सोडणाऱ्यावरच दुसरा वार होतो.

पंपावर मुलगी माझ्यावर चिडली. "ताई, चूक त्याची, माफी तुम्ही मागितली? तुम्ही त्याला दोन सेकंदांत पाडलं असतं." पाडलं असतं, हे खरं आहे. डांबरावर, डोक्यावर. मग त्याचं डोकं फुटलं असतं तर? दुसऱ्याच्या पाठीमागच्या हातात काय होतं? तिसऱ्याचं काय? आणि माझ्या जबाबदारीवर आलेल्या त्या मुलीचं काय? ज्युदोच्या सामन्यात समोर एकच माणूस असतो, खाली मॅट असते, मध्ये पंच असतो. द्वारकेला यातलं काहीच नव्हतं. 'चुकलं' हा शब्द मला फुकट पडला. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या डावांत मी तो मोजते.

मुलीला मी आणखी एक सांगितलं, जे शाळेत कुणी शिकवत नाही. खऱ्या भीतीत शरीर वेगळंच वागतं. हृदय धडधडतं, नजर बोगद्यातून पाहिल्यासारखी अरुंद होते, आवाज नीट ऐकू येत नाहीत, बोटांची बारीक कामं बिघडतात. मॅटवर सुंदर जमणारा नाजूक डाव तिथे जमत नाही. फोनचं लॉकसुद्धा उघडत नाही. म्हणून पॉवर बटण लागोपाठ दाबून मदत मागण्याची सोय आजच, शांत बसून, फोनमध्ये चालू करून ठेवा आणि ११२ हा नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. डब्ल्यू. ई. हिक या मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये दाखवलं होतं, की पर्याय वाढले की निवडायला लागणारा वेळही वाढतो. वीस डाव येणारा माणूस ऐनवेळी वीसांत शोधत बसतो. ज्याने घरून एकच ठरवून ठेवलेलं असतं, 'खटकलं की निघायचं', तो निघालेला असतो. पाकीट मागितलं तर द्यायचं. चेन ओढली तर सोडायची. हे आधी ठरवलेलं नसेल तर हात आपोआप चेन धरून ठेवतो, आणि मग गळा, डोकं, गाडीवरून फरफटणं.

काढता पाय घेणं आपल्याकडे भित्रेपणाचं लक्षण का मानतात, मला कळत नाही. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, ते आपण अभिमानाने शिकवतो. पन्हाळ्याचा वेढा आणि तिथून निघणंही. कोणत्या मैदानात लढायचं नाही हे ठरवता येणं हेच गनिमी काव्याचं मर्म होतं. कराटे जपानच्या मुख्य बेटांवर नेणारे ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी शिष्यांना सांगत, की कराटेत पहिला वार नसतो. आणि आपल्या जिल्ह्यातली गोष्ट तर मल्लखांबाच्या जन्माचीच आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाकडून अली आणि गुलाब असे दोन पहेलवान आले. त्यांचं आव्हान घ्यायला कुणी धजेना. तरुण बाळंभटदादा देवधर पुढे झाले, पण त्यांनी आधी तयारीला मुदत मागून घेतली. वणीच्या सप्तशृंगी गडावर उपासना केली, तिथे मारुतीरायाने दृष्टांतात मल्लखांबाची विद्या दिली, असं परंपरा सांगते. परत येऊन त्यांनी अलीला चीत केलं, आणि ते पाहून गुलाब न लढताच मागे फिरला. सगळे बाळंभटदादांचं कौतुक करतात, मीही करते. पण मुलांना मी मुदतीकडे बघायला सांगते. सगळा दरबार बघत असताना 'आत्ता नाही' म्हणायला केवढं धैर्य लागलं असेल!

कायदाही हेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. कलम ३७ सांगतं, की पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. पळून जाणाऱ्याच्या पाठीत मारलेली लाथ बचाव ठरवणं फार अवघड आहे.

एका गोष्टीवर मला जरा थांबायचं आहे. 'धोका टाळा' हे वाक्य मुलींच्या बाबतीत फार लवकर 'बाहेर पडू नका' असं होतं. माझा त्याला ठाम विरोध आहे. कॉलेज रोडला रात्री आईस्क्रीम खायला जायचा हक्क मुलीला आहे, तिने जावं, डोळे उघडे ठेवून जावं. दोष नेहमी हल्ला करणाऱ्याचाच असतो. शिवाय बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहांपैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मित्र. तिथे अंधारी गल्ली टाळून काय होणार? तिथे चाहूल वेगळी असते. 'हे आईला सांगू नको' हे वाक्य, उगाच रेंगाळणारा हात, नको म्हटल्यावरही चालू राहिलेली थट्टा. म्हणून सात वर्षांच्या मुलींकडूनही मी हॉल दणाणेल एवढ्या मोठ्याने 'नाही' म्हणवून घेते. पहिल्या दिवशी निम्म्या मुलींचा आवाजच फुटत नाही. आणि पालकांना विनवते, की पोरीने काही सांगितलं तर पहिलं वाक्य 'तू तिथे गेलीसच कशाला' हे नको.

आता नाशिककरांच्या दोन खास गोष्टी. पाण्याबद्दल थोडक्यात सांगते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की गळ्याला, हे बघायला आपण सगळे जातो, मीही जाते. पण वाहतं पाणी जेमतेम १५ सेंटीमीटर असलं तरी उभ्या माणसाचे पाय उचलू शकतं, आणि ३० सेंटीमीटरला लहान मोटार तरंगायला लागते. वीस वर्षं ज्युदो केलेल्या पायांनाही त्या पाण्याशी झुंज देता येत नाही. बघायचं ते वरच्या रस्त्यावरून.

दुसरी गोष्ट गर्दी. २७ ऑगस्ट २००३ रोजी, शाही स्नानाच्या दिवशी, रामकुंडाकडे जाणाऱ्या सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. आता २०२६-२७ चा सिंहस्थ आला आहे. अशा वेळी माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरतात असं आपल्याला वाटतं. बहुतेक जण खरं तर श्वास कोंडून जातात, कित्येकदा उभ्या-उभ्या. चारी बाजूंनी छाती इतकी दाबली जाते की ती फुगवायला जागाच उरत नाही. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तर सांभाळून हलता येतं. पाच-सहाच्या पुढे गेलं की माणूस स्वतःच्या पायांवर राहत नाही, गर्दी पाण्यासारखी हेलकावते आणि तो तिच्याबरोबर जातो. मागच्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून ते ढकलत राहतात. कुणी दुष्ट नसतो त्यात.

निघायची वेळ ओळखायची खूण सोपी आहे. दोन्ही खांद्यांना एकाच वेळी परकी माणसं लागली आणि हात चेहऱ्यापर्यंत न्यायला अडचण येऊ लागली, की दर्शन राहू द्या, वळता येतंय तोवर बाहेर पडा. अडकलातच तर द्वारकेला मी उभी राहिले होते तसे उभे राहा: एक पाय पुढे, हात छातीसमोर, बरगड्यांपुढे वीतभर जागा राखून. रेटा आला की त्याच्याशी झगडू नका, त्याच्याबरोबर जा. तो ओसरला की तिरकं, कडेच्या दिशेने, थोडं थोडं सरका. भिंत, खांब, बॅरिकेड यांना पाठ लावू नका. लहान मूल असेल तर उचलून घ्या. चप्पल, पर्स, मोबाईल, काहीही पडलं तरी वाकू नका.

हे सांगून भागणार नाही, म्हणून गेल्या रविवारी पालकांनाच मॅटवर बोलावलं. खडूने दोन मीटर बाय दोन मीटरचा चौकोन आखला. आठ जण आत उभे केले, हसत-खिदळत गप्पा सुरू झाल्या. बारा झाले तेव्हा एक आजोबा स्वतःहून बाहेर आले. सोळाला गप्पा थांबल्या. विसावा माणूस आत गेल्यावर सगळ्यांना आपापल्या नाकाला हात लावायला सांगितलं, तर निम्म्यांच्या कोपराने शेजारच्याला लागलं. त्यातच एका आईच्या हातातून स्कूटरची किल्ली खाली पडली. पायाजवळच पडली होती, तिला दिसतही होती. वाकायला जागा नव्हती. सगळे बाहेर पडेपर्यंत ती किल्ली तिथेच राहिली. पुढच्या रविवारी हाच चौकोन पुन्हा आखणार आहे, या वेळी दोन बाजूंना शाळेचे बाक लावून, भिंती म्हणून.